ई-पत्रांचें शिक्कामोर्तब

पत्र लिहिणें ही एक गोष्ट आणि तें योग्य हातीं पोंचणें ही दुसरी. पहिली शाळेंत शिकवितात. दुसरी टपालवाल्यावर सोंपवून आपण निश्चिंत असतों. परंतु हल्लीं प्रवेशाची सूचना, परीक्षेचें वेळापत्रक, फीची पावती हीं सारीं ई-पत्रानें घरोघर जाऊं लागलीं आहेत, आणि या नव्या टपालाचा वाटप करणारा फार संशयी झाला आहे. खरें पत्र तो कधीं कधीं अडगळीच्या पेटींत टाकतो, आणि चोराचें पत्र सभ्य वेषांत आलें तर तेंच घरांत घेतो. असें कां होतें, आणि आपलें पत्र खात्रीनें पोंचावें म्हणून संस्थेनें काय तपासावें, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम पत्त्याचा विचार करूं. भांडगांव नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत एकाहून अधिक आहेत. दौंड तालुक्यांतील, पुणें-सोलापूर रस्त्यावरचें आपलें भांडगांव हें त्यांपैकीं एक. नुसतें गांवाचें नांव लिहिलें तर पत्र भलतीकडेच जावयाचें. असा घोटाळा टाळण्यासाठीं श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनीं योजिलेली सहा आंकडी पिन कोडची पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं देशांत सुरू झाली. ई-पत्रांच्या जगांतही अशीच सोय आहे. तेथील पत्त्यांत ‘ॲट’ या चिन्हाच्या आधीं माणसाचें नांव असतें व नंतर संस्थेचें. या दुसऱ्या नांवास डोमेन म्हणतात. तें चिन्ह पत्त्यांत वापरण्याची युक्ति रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनियरानें १९७१ सालीं काढली. कोणत्या डोमेनचें काम कोणतें यंत्र पाहतें, हें सांगणारी एक जगभर पसरलेली नोंदवही आहे, तिला डी. एन. एस. म्हणतात. तिची रचना पॉल मॉकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं मांडली. ही नोंदवही कोणासही वाचतां येते. मात्र आपल्या डोमेनच्या पानावर लिहिण्याचा अधिकार आपणांसच असतो. पुढील सर्व उपायांचें मर्म या एका गोष्टींत आहे.

पहिली तपासणी येणाऱ्या पत्रांची. आमच्या नांवानें येणारीं पत्रें अमुक यंत्राकडे द्यावीं, असें सांगणारी नोंद या वहींत असते, तिला एम. एक्स. म्हणतात. यंत्रें एकाहून अधिक असल्यास प्रत्येकापुढें एक अंक असतो, आणि ज्याचा अंक लहान त्याच्याकडे पत्र प्रथम जातें. संस्थेनें सेवा बदलली आणि नोंद जुनीच राहिली, तर पालकांचीं उत्तरें रिकाम्या घराचें दार ठोठावून परत जातात.

आतां जाणाऱ्या पत्रांकडे वळूं. ई-पत्रें पोंचविण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केले. त्या वेळीं या जाळ्यावर मुख्यतः विद्यापीठांतील व संशोधनसंस्थांतील मोजकी मंडळी असे, आणि परस्परांवर भरंवसा होता. म्हणून पाठविणारा जें नांव सांगेल तें खरें मानावें, अशी रीति पडली. कोणीही उठावें आणि मुख्याध्यापकांच्या नांवानें पत्र धाडावें! पुढें जाळें वाढलें, त्यांत भामटे शिरले, आणि दुधानें तोंड पोळलेलीं टपालयंत्रें ताकही फुंकून पिऊं लागलीं. सुक्याबरोबर ओलेंही जळूं लागलें. भल्या संस्थांचीं पत्रेंही अडगळींत पडूं लागलीं. या अडचणींतून तीन उपाय निघाले.

पहिला उपाय एस. पी. एफ. आमच्या नांवानें पत्रें नेण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांस आहे, याची यादी संस्थेनें नोंदवहींत उघड लावावी. घेणारें यंत्र पत्र आणणाऱ्यास त्या यादीशीं ताडून पाहतें. येथें तीन चुका वारंवार होतात. पावत्या किंवा निकाल पाठविण्याचें काम बाहेरच्या कंपनीस देतात, पण तिचें नांव यादींत घालावयाचें राहून जातें, ही पहिली. जुनी यादी न पुसतां दुसरी लावतात, ही दुसरी. दोन याद्या दिसल्या कीं दोन्ही निरुपयोगी ठरतात. ‘अमक्याची यादी पाहा, तमक्याची पाहा’ असे हवाले फार वाढतात, ही तिसरी. अशा चौकशा दहांहून अधिक कराव्या लागल्या तर नियमाप्रमाणें ती यादी सदोष समजतात. शिवाय हा उपाय केवळ पाकिटावरचें नांव पाहतो. आंतल्या कागदावर, वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें येणारें नांव निराळें असूं शकतें. तसेंच, मिळालेलें पत्र कोणीं दुसऱ्या पत्त्याकडे वळविलें तर आणणारें यंत्र बदलतें, आणि खरें पत्रही यादीबाहेर पडतें.

म्हणून दुसरा उपाय, डी. के. आय. एम. मराठेशाहींतील सरकारी कागदाच्या शिरोभागीं शिक्का असे आणि मजकूर संपे तेथें मोर्तब असे. शेवटच्या ओळीखालीं कोणास एक अक्षरही वाढवितां येऊं नये, हा त्याचा हेतु. ‘शिक्कामोर्तब’ हा आपला शब्द तेथूनच आला. या उपायानें तेंच काम गणिताकरवीं होतें. पाठविणारें यंत्र मजकुराचा व मथळ्यांचा गणिती ठसा काढून त्यावर गुप्त किल्लीनें सही करतें. तिची जोडकिल्ली नोंदवहींत सर्वांसाठीं ठेवलेली असते. घेणारें यंत्र त्या जोडकिल्लीनें सही पडताळतें. वाटेंत कोणीं मजकुरांतील एक आंकडा बदलला तरी सही जुळत नाहीं. किल्ली २०४८ बिटांची असावी. मजकुराच्या ठराविक लांबीपुरतीच सही करण्याची एक सवलत नियमांत आहे. ती घेऊं नये, कारण ती घेणें म्हणजे मोर्तबावांचून कागद सोडणें होय.

तिसरा उपाय डीमार्क. हा २०१२ सालीं पुढें आला. वाचणाऱ्यास दिसणारें डोमेन आणि वरील दोहोंपैकीं निदान एका कसोटीस उतरलेलें डोमेन एकच आहे काय, हें तो विचारतो. नसल्यास काय करावें, हेंही संस्थाच सांगून ठेवते: नुसती नोंद घ्या, अडगळींत टाका, किंवा दारांतूनच परत लावा. आपल्या नांवानें कोणकोणत्या यंत्रांनीं पत्रें धाडलीं, याचे अहवालही तिला मिळतात. आरंभीं ‘नुसती नोंद घ्या’ येथेंच थांबून कांहीं आठवडे अहवाल वाचावे, राहून गेलेलीं खरीं यंत्रें नीट करून घ्यावीं, आणि मगच पायरी चढावी. घाई केली तर आपलींच पत्रें आपण परत लावूं.

हे उपाय आतां ऐच्छिक राहिलेले नाहींत. फेब्रुवारी १९२४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, फेब्रुवारी २०२४ पासून, गूगल व याहू यांनीं मोठ्या प्रमाणावर पत्रें पाठविणारांस तिन्ही सक्तीचे केले. गूगलनें ही मर्यादा दिवसाला ५००० पत्रांची धरली आहे. लहान संस्थेसही पहिल्या दोहोंपैकीं एक तरी लागतोच.

तपासणी अवघड नाहीं. शाळेच्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेल खात्यास एक पत्र धाडावें आणि संगणकावर त्या पत्राचें मूळ रूप उघडावें; तिन्ही उपायांपुढें उत्तीर्ण कीं अनुत्तीर्ण हें लिहिलेलें सांपडतें. पावत्या पाठविणाऱ्या कंपनीकडूनही असेंच एक पत्र मागवावें. ही परीक्षा दर जूनमध्यें आणि सेवा बदलल्यावर तत्काळ घ्यावी. डोमेनची मुदत संपण्यापूर्वीं शुल्क भरावें, नाहींतर तें नांव दुसरा कोणी घेईल.

मात्र एक इशारा दिलाच पाहिजे. शिक्का खरा ठरला म्हणजे माणूस खरा ठरला, असें नव्हे. २०१५ सालीं ओ. एन. जी. सी. या सरकारी तेल कंपनीच्या पत्त्याशीं मिळताजुळता पत्ता भामट्यांनीं तयार केला. नांवांत अक्षरांचा किंचित फरक, एवढेंच. त्या पत्त्यावरून सौदी अरेबियांतील ग्राहकास पत्रें गेलीं, आणि सुमारें १९७ कोटि रुपये भलत्याच खात्यांत वळविले गेले. त्याची फिर्याद मुंबईंत नोंदली गेली. चोरानें स्वतःच्या डोमेनवर स्वतःचाच शिक्का नीट उठविला, तर यंत्र त्यास हरकत घेणार नाहीं. तेथें वाचणाऱ्याचे डोळेच कामास येतात.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, घरीं फीचें पत्र आलें तर आईवडिलांस तें वाचून दाखवितांना ‘ॲट’च्या पुढचें नांव अक्षर अक्षर लावून वाचा. पैसे भरण्याचें खातें बदललें असें त्यांत लिहिलें असेल, तर पत्रांतल्या क्रमांकावर नव्हे, शाळेच्या ठाऊक असलेल्या क्रमांकावर विचारा, किंवा शाळेंत जाऊन विचारा. संस्थेनें आपला शिक्का जपावा आणि घरच्यांनीं तो पारखावा. दोन्ही बाजू जागत्या असल्या तरच या टपालावर विसंबतां येईल.