चुंबकाने पकडला चुरा!

मोटरसायकलचं ऑइल बदलताना गॅरेजमध्ये कधी थांबलायत? नसाल, तर पुढच्या वेळी हटकून थांबा. मेकॅनिकदादा इंजिनाच्या तळाचा ड्रेन बोल्ट काढतात आणि काळंकुट्ट तेल भळाभळा खालच्या ट्रेमध्ये पडतं. काही गाड्यांच्या या बोल्टच्या टोकाला चिमुकलं चुंबक बसवलेलं असतं. त्यावर दिसतो करड्या रंगाचा, बारीक काटे उभे राहिलेला लगदा. हा लगदा म्हणजे चक्क पोलादाचा चुरा!

तो आला कुठून? गिअरची दातेरी चाकं दिवसभर एकमेकांवर फिरतात. मध्ये तेल असलं तरी थोडी झीज होतेच. हा चुरा तेलाबरोबर फिरत राहिला, तर पॉलिश पेपरसारखा बाकीचे भाग घासत सुटतो.

तुम्ही म्हणाल, मग गाळणी लावा की! अनेक इंजिनांत कागदी गाळणी असतेच. पण तिच्या भोकांहून बारीक कण आरपार निसटतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी ७० भागांइतका जाड. निसटणारे कण त्याहून कितीतरी बारीक! भोकं आणखी लहान करावीत, तर तेलच अडतं. चुंबकाला मात्र भोकंच नाहीत. त्यामुळे तेलाची वाट अडत नाही, आणि वीजही लागत नाही.

अर्थात, चुंबकालाही सगळं जमत नाही. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ यांचा चुरा त्याच्या शेजारून खुशाल निघून जातो. म्हणून गाळणी आणि चुंबक दोघंही हवेत. शिवाय उष्णतेने चुंबक दुबळं होतं. साधं निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसपुढे ताकद गमावू लागतं, आणि इंजिनातलं तेल १०० अंशांपर्यंत सहज तापतं! त्यामुळे तिथे उष्णता सोसणारं चुंबक निवडावं लागतं.

हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समधलं चुंबक तर चुगलीही करतं! तिथे तारेची दोन टोकं मुद्दाम थोडी लांब ठेवलेली असतात. चुंबकाने ओढलेला चुरा त्या फटीत साचला की वीज वाहू लागते आणि वैमानिकासमोर दिवा पेटतो: आत काहीतरी झिजतंय, सांभाळा! काही यंत्रांत विजेचा झटका देऊन बारीक चुरा जाळून टाकता येतो. तरीही दिवा विझला नाही, तर तुकडा मोठा आहे असं समजायचं आणि हेलिकॉप्टर लवकरात लवकर उतरवायचं.

आता तुमची पाळी. नदीची मूठभर वाळू ग्लासभर पाण्यात टाका. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत फिरवा. आपल्याकडच्या काळ्या बेसाल्ट खडकात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं, त्याचे काळे कण पिशवीला चिकटतील. मग चुंबक पिशवीतून काढा, कण आपोआप गळून पडतील. हाच प्रयोग खाद्यतेलात करा आणि कण कुठे सावकाश येतात ते पाहा. फक्त एक लक्षात ठेवा: चुंबक तोंडात घालायचं नाही आणि धाकट्या भावंडांच्या हाती द्यायचं नाही!