गार्ड कुठंय?

कॉम्पिटिशनला नऊ दिवस उरलेत, रोल केजचे पाइप अजून कापायचेत आणि वर्कशॉपमधला मोठा कटर सकाळपासून बंद. बाहा किंवा गो-कार्टच्या टीममध्ये वर्ष काढलेल्या कुणालाही ही रात्र ओळखीची वाटेल. आमच्या थर्ड इयरलाही ती आली. टेबलावर चार इंची अँगल ग्राइंडर होता, कपाटात सात इंची डिस्क. छोट्या डिस्कने पाइप फिरवत फिरवत कापावा लागतो, मोठीने एका दमात काम होतं. गार्ड मध्ये येत होता, म्हणून काढला. मोठ्या डिस्कचं भोक २२ मिलिमीटरचं, ग्राइंडरवर बसते ती १६ ची, म्हणून मध्ये वॉशर सरकवला. ‘जुगाड झाला भावा!’ म्हणत कुणीतरी टाळीही दिली.

तिसऱ्या पाइपला डिस्क फुटली. एक तुकडा समोरच्या प्लायवूडच्या कपाटात घुसला. पाच मिनिटांपूर्वी त्याच कपाटाला टेकून फर्स्ट इयरचा एक मुलगा उभा होता. नेमका चहा आणायला गेला होता, म्हणून वाचला. क्षणभर शांतता, मग आम्ही सगळे हसलो. का हसलो, ते आजही सांगता येत नाही.

लाज याची वाटते, की गणित आम्हाला येत होतं. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. सात इंची डिस्कवर स्पष्ट छापलेलं असतं : कमाल ८,५०० आरपीएम, सेकंदाला ८० मीटर. आमच्या ग्राइंडरवर तिची कड सेकंदाला १०४ मीटरने, म्हणजे ताशी ३७० किलोमीटरच्या वर पळत होती. ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, हे आम्ही परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. इथे तो दीडपटीहून जास्त झाला होता आणि वॉशरमुळे डिस्क नीट मध्यावर बसलीय का, ते कुणी बघितलंही नव्हतं. अशा वेळी तुकडे अडवण्यासाठी जो गार्ड असतो, तोच आम्ही आधी काढला होता.

जुगाडावर माझा राग नाही. पाइपला पाइप जोडताना टोकाला खोबण लागते. त्यासाठीचं मशीन नव्हतं, तर आमच्या एका मैत्रिणीने सॉफ्टवेअरमधून आकाराचा कागद प्रिंट काढला, पाइपला गुंडाळला, मार्किंग केलं. सांधे इतके छान बसले की सरांनी फोटो काढला. कागद चुकला तर एक पाइप वाया जातो, बस्स.

पण दोन्ही गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो. ड्रिलची पिन तुटली, तर उघड्या वायर सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्या खोचून बसवणं, हाही जुगाडच. त्यात अर्थिंगची हिरवी वायर बाहेर लोंबकळते, बॉडीत करंट उतरला की तो हातातूनच जायला बघतो. (चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या मशीनला अर्थिंग लागत नाही, पण म्हणून काड्या खोचाव्यात असं नाही.) स्वस्त मिळाला म्हणून जीआय पाइप तसाच वेल्ड करणं, हाही जुगाड. त्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं, आर्क त्याहून कितीतरी गरम. तो पांढरा धूर नाकात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. ‘दूध पी, काही होत नाही’ हा सल्ला प्रत्येक वर्कशॉपमध्ये मिळतो. धूर फुप्फुसात जातो, दूध पोटात. आधी जस्ताचा थर घासून काढा आणि दारं-खिडक्या उघडा.

आणि सध्या रीलवर दिसणारं लाकडावरचं ‘विजेचं झाड’! जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून ते करतात. तिथे सुमारे २,००० व्होल्ट असतात आणि माणूस चिकटला तरी घरातला एमसीबी किंवा ईएलसीबी पडेल, या भरवशावर राहता येत नाही. अमेरिकेतल्या लाकूड-कातकाम करणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत यावर बंदी घातली आहे. रीलमध्ये मात्र फक्त झाड दिसतं.

आम्ही त्या रात्रीचं सरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रात्रीचं वर्कशॉप बंद झालं असतं आणि गाडी झाली नसती. त्यामुळे कपाटाला भोक कसं पडलं, हे पुढच्या बॅचला कळलंच नाही. ग्राइंडर मात्र गार्डशिवायच त्यांच्या हातात गेला.

गेल्या महिन्यात कॉलेजला गेलो, तर तोच ग्राइंडर टेबलावर. वर्कशॉपच्या मामांना विचारलं, ‘मामा, याचा गार्ड कुठंय?’ ते म्हणाले, ‘तुमच्याच बॅचने काढला ना रे?’ खालच्या ड्रॉवरमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत तो सापडला. चहावाल्या ज्युनियरला फोन करून अखेर त्या रात्रीचं सगळं सांगितलं. तो आता फायनल इयरला आहे, टीमचा कॅप्टन आहे. बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढंच विचारलं, ‘दादा, त्याचा स्क्रू पण आहे का?’

स्क्रू नव्हता. दुसऱ्या दिवशी तो माप घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेला.