सदोष वास्तू आणि कायद्याची भाषा : महादेवपुऱ्याच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

'दोष' ही संज्ञा साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. भामह आणि दंडी यांच्यापासून काव्यदोषांची चर्चा होत आलेली असून मम्मटाने 'काव्यप्रकाशा'चा सातवा उल्लास या विषयालाच वाहिलेला आहे. काव्यातील दोष आस्वादाला बाध आणतो. घरातील दोष मात्र घरात राहणाऱ्यांच्या जिवावर बेततो. तरीही दोन्ही ठिकाणी एक प्रश्न समान आहे. दोष कशाला म्हणावयाचे, आणि ते कोणी व केव्हा ठरवावयाचे?

प्रस्तुत लेखात सदोष व धोकादायक बांधकामाला तोंड देणाऱ्या सदनिकाधारकासमोरील कायदेशीर मार्गांचा विचार करावयाचा आहे. खांबावर पडलेली एकच भेग वेगवेगळे कायदे वेगवेगळ्या अर्थाने वाचतात आणि यांपैकी कोणतेही एक वाचन पुरेसे नसते, हे येथे दाखवावयाचे आहे. संहितांच्या तौलनिक वाचनाची सवय असणाऱ्यांना ही परिस्थिती ओळखीची वाटेल. मात्र येथे चुकीच्या वाचनाची किंमत आयुष्यभराच्या बचतीत आणि प्रसंगी जिवाने मोजावी लागते.

विवेचनासाठी बेंगळूरूमधील महादेवपुरा हा परिसर निवडला आहे. २००७ साली बृहत् बेंगळूरू महानगर पालिकेत विलीन होईपर्यंत महादेवपुरा ही स्वतंत्र नगरपालिका होती; २०२५ पासून हा भाग बेंगळूरू पूर्व महानगरपालिकेत मोडतो. व्हाइटफील्ड, मारतहळ्ळी, वर्तूर, बेळ्ळंदूर ही नावे माहिती-तंत्रज्ञानाच्या निमित्ताने महाराष्ट्रातील अनेक घरांत आता परिचयाची झाली आहेत. तळी आणि त्यांना जोडणारे 'राजकालुवे' म्हणजे पावसाळी पाण्याचे मोठे नाले, यांच्या जाळ्यावर ही वस्ती दोन-अडीच दशकांत उभी राहिली.

२. बांधणाऱ्याच्या जबाबदारीची परंपरा

सदोष घराबद्दल बांधणाऱ्याला जबाबदार धरण्याची कल्पना आधुनिक नाही. हम्मुराबीच्या बाबिलोनी संहितेतील २२९ ते २३३ ही कलमे घर बांधणाऱ्यासंबंधीच आहेत. घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहान्त शासन, ही तरतूद सर्वश्रुत आहे. त्यामानाने २३३ व्या कलमाकडे फारसे लक्ष जात नाही. काम नीट न झाल्यामुळे भिंत कलली, तर बांधणाऱ्याने ती स्वखर्चाने मजबूत करून द्यावी, असा त्याचा आशय आहे. धोका दिसू लागला, पण अनर्थ अद्याप घडलेला नाही, या मधल्या अवस्थेचा विचार तेथे केलेला आढळतो.

१८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेने कलम १७९२ मध्ये बांधणाऱ्यावर दहा वर्षांची जबाबदारी टाकली आणि १९७८ च्या सुधारणेने तिच्यासाठी विमा सक्तीचा केला. इंग्रजी परंपरेत मात्र 'ग्राहकाने आपले आपण पाहून घ्यावे' हे तत्त्व दीर्घकाळ प्रबळ राहिले. १९७२ च्या सदोष निवासवास्तू कायद्याने त्याला छेद दिला. पुढे १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसे मृत्युमुखी पडल्यानंतर २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने दावा करण्याची मुदत नव्या बांधकामांसाठी पंधरा वर्षांपर्यंत आणि जुन्या बांधकामांसाठी पूर्वलक्षी प्रभावाने तीस वर्षांपर्यंत वाढवली.

आपल्याकडे या बाबतीत महाराष्ट्राने आरंभ केला. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या अधिनियमात ताबा दिल्यापासून तीन वर्षांच्या आत दाखवून दिलेला दोष प्रवर्तकाने विनामूल्य दूर करावा, अशी तरतूद आहे. कर्नाटकाने त्याच धर्तीचा कायदा १९७२ साली केला. २०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमाने, म्हणजे रूढ भाषेतील 'रेरा'ने, देशभरासाठी ही मुदत पाच वर्षे केली.

३. एका भेगेची चार वाचने

पहिले वाचन रेराचे. या कायद्याच्या दृष्टीने भेग म्हणजे मोडलेले वचन होय. कलम १४(३) नुसार संरचनेतील दोष, तसेच कारागिरी, दर्जा वा सेवांच्या तरतुदीतील दोष ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत प्रवर्तकाच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो तीस दिवसांत कोणताही आकार न घेता दूर करावयाचा असतो. न केल्यास सदनिकाधारक भरपाईस पात्र ठरतो. येथे 'निदर्शनास आणणे' हे शब्द निर्णायक आहेत. पाच वर्षांच्या आत भेग नुसती पडून भागत नाही. ती प्रवर्तकाला कळवली गेल्याचे सिद्ध व्हावे लागते. रखवालदाराला सांगितले, देखभाल कार्यालयातील वहीत नोंदवले, एवढ्याने अनेकांचे समाधान होते. वादाच्या वेळी मात्र तारीख, पोच आणि छायाचित्रे असलेले पत्रच उपयोगी पडते. दुरुस्तीचा आदेश प्राधिकरणाकडे मागावा लागतो, तर भरपाई ठरविण्याचा अधिकार कलम ७१ खालील न्यायनिर्णय अधिकाऱ्याचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 'न्यूटेक प्रमोटर्स' प्रकरणात ११ नोव्हेंबर २०२१ रोजी स्पष्ट केले. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट असल्याने लहान भूखंडांवरील इमारती या व्यवस्थेच्या काठावर राहतात, हेही लक्षात घ्यावयास हवे.

दुसरे वाचन ग्राहक कायद्याचे. त्याला भेग ही सेवेतील त्रुटी वाटते. घरबांधणी ही 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाविरुद्धच्या निकालात १९९३ साली मान्य केले. 'इम्पीरिया स्ट्रक्चर्स' प्रकरणात २ नोव्हेंबर २०२० रोजी रेरा असतानाही ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असल्याचा निर्वाळा मिळाला. दिवाणी न्यायालयाला मात्र रेराच्या कक्षेतील बाबतींत कलम ७९ चा अटकाव आहे. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दाव्याचे कारण उद्भवल्यापासून दोन वर्षे असून दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा, २ कोटींपर्यंत असल्यास राज्य आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग, अशी विभागणी आहे.

तिसरे वाचन स्थानिक संस्थेचे. वचन वा सेवा यांच्याशी महानगरपालिकेला कर्तव्य नसते. तिच्या लेखी भेग म्हणजे सार्वजनिक धोका. इमारतीची तपासणी करविणे, ती रिकामी करविणे, प्रसंगी पाडणे हे अधिकार तिच्याकडे आहेत. मुंबईत १८८८ च्या अधिनियमाच्या कलम ३५४ ची नोटीस आणि 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक हा शिक्का यांची रहिवाशांना चांगलीच ओळख असते. या वाचनात जीव वाचण्याची शक्यता सर्वाधिक, परंतु बेघर झालेल्याला पैसे मिळवून देण्याची सोय सर्वांत कमी.

चौथे वाचन फौजदारी कायद्याचे. त्याला भेगेत अपराध दिसतो. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८८ मध्ये इमारत पाडताना वा दुरुस्त करतानाच्या निष्काळजीपणाचाच उल्लेख होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० मध्ये 'बांधताना' या शब्दाची भर पडली. भर एका शब्दाचीच असली, तरी बांधणाऱ्याचा निष्काळजीपणा तिच्यामुळे प्रथमच त्या कलमाच्या कक्षेत आला. व्यवहारात मात्र फौजदारी यंत्रणा बहुधा कोसळण्यानंतरच जागी होते. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथील 'तारिक गार्डन' ही पाचमजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा बांधकाम व्यावसायिक, वास्तुविशारद आणि संरचना सल्लागार यांच्यावर गुन्हे दाखल झाले. ती इमारत जुनीही नव्हती.

चारही वाचने एकत्र पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. पहिली दोन भरपाईची भाषा बोलतात, तिसरे सुरक्षिततेची, चौथे शिक्षेची. धोक्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला यांतील पहिल्या तिन्हींची गरज एकाच वेळी असते. कायदा मात्र ती तीन वेगळ्या दारांवर वाटून देतो.

४. महादेवपुऱ्यातील दोन उदाहरणे

पहिले उदाहरण शब्दार्थाचे आहे. बेळ्ळंदूर परिसरातील शोभा हिबिस्कस या संकुलाच्या सदनिकाधारकांच्या संस्थेने विकासकाविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. ही संस्था १९७२ च्या कर्नाटक सदनिका मालकी अधिनियमाखाली स्थापन झालेली होती. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारीचा अधिकार 'स्वयंसेवी ग्राहक संघटने'ला दिला होता. कायद्याच्या आवश्यकतेमुळे अस्तित्वात आलेली संस्था 'स्वयंसेवी' कशी, हा प्रश्न उपस्थित झाला आणि आयोगाने तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२० रोजी तो निर्णय कायम केला. तक्रारीत तथ्य आहे की नाही, येथपर्यंत प्रकरण पोहोचलेच नाही. तक्रार करणारा कोण, याच प्रश्नावर ते थांबले. सामाईक खांब, तळघर, पाण्याच्या टाक्या यांतील दोष हे स्वभावतःच सर्वांचे असतात आणि म्हणून संस्थेनेच बोलणे स्वाभाविक असते. रेराच्या कलम ३१ मध्ये सदनिकाधारकांच्या संघाचा स्पष्ट उल्लेख असल्याने तेथे ही अडचण येत नाही. ग्राहक आयोगाकडे जावयाचे असल्यास समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एक वा अधिक ग्राहकांनी आयोगाच्या अनुमतीने तक्रार करणे हा अधिक सुरक्षित मार्ग ठरतो.

दुसरे उदाहरण भूमीच्या दोषाचे आहे. सप्टेंबर २०२२ मधील अतिवृष्टीत सर्जापूर रस्ता, बेळ्ळंदूर आणि लगतच्या भागांतील श्रीमंत वसाहती पाण्याखाली गेल्या. रहिवाशांना होड्यांतून आणि ट्रॅक्टरवरून बाहेर काढावे लागले. पाठोपाठ राजकालुव्यांवरील अतिक्रमणे हटविण्याची मोहीम महादेवपुरा विभागात सुरू झाली. येथे भिंतीला तडा नव्हता. घर जेथे उभे होते ती जागाच सदोष होती. अशा घरमालकाची स्थिती विलक्षण अवघड होते. विकासकाच्या संदर्भात तो फसवला गेलेला ग्राहक असतो, तर महानगरपालिकेच्या संदर्भात अतिक्रमण करणारा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी पाडकामापूर्वी पंधरा दिवसांच्या नोटिशीचे बंधन घातले. परंतु रस्ते, पदपथ तसेच नद्या व जलाशयांवरील अनधिकृत बांधकामे त्यातून वगळली. अशा प्रसंगी रेराचे कलम १८(२) उपयोगी पडू शकते. जमिनीच्या सदोष मालकी हक्कामुळे झालेल्या नुकसानीचा दावा मुदतबाह्य ठरत नाही, असे ते सांगते. प्रवर्तकाने नाल्याची जमीन विकली असल्यास हा मालकी हक्काचाच दोष होय, असा युक्तिवाद तेथे करता येतो आणि पाच वर्षांची मर्यादा आड येत नाही.

या संदर्भात एका शब्दयुग्माकडे लक्ष वेधावेसे वाटते. इमारत राहण्यायोग्य असल्याच्या दाखल्याला मराठीत 'भोगवटा प्रमाणपत्र' म्हणतात, तर कन्नडमध्ये 'स्वाधीनानुभव पत्र'. भोगणे आणि अनुभवणे, दोन्ही शब्द प्रत्यक्ष वास्तव्याचे सूचन करतात. आपल्या शहरांत मात्र दाखल्याविनाच वास्तव्य सुरू होते. असा दाखला नसताना वीज-पाण्याच्या जोडण्या देऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी बजावले. घर घेताना हा दाखला पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, हे वेगळे सांगावयास नको.

५. पुराव्याचा क्रम

दोषाचे वाचन करण्याचा पहिला अधिकार संरचना अभियंत्याचा आहे. गिलाव्यावरील केसासारखी भेग आणि खांबातील वा तुळईतील तिरकी, रुंदावत जाणारी भेग यांत महदंतर असते. सळयांना गंज चढला की त्यांचे आकारमान वाढते आणि भोवतालचे काँक्रीट आतून फुटते. छताचे पोपडे पडणे हे बऱ्याचदा त्याचेच लक्षण असते. गुरुग्राममधील 'चिंटेल्स पॅराडिसो' संकुलात १० फेब्रुवारी २०२२ रोजी सहाव्या मजल्यावरील सदनिकेचे तळ खाली कोसळत गेले आणि दोन स्त्रियांचा मृत्यू झाला. दिल्लीच्या आयआयटीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइडचे प्रमाण आढळले आणि इमारत राहण्यास असुरक्षित ठरली. वरून नव्या दिसणाऱ्या इमारतीचा दोष तिच्या द्रव्यातच असू शकतो, हे त्यातून दिसले.

म्हणून क्रम असा असावा. धोका तातडीचा वाटत असल्यास प्रथम महानगरपालिकेला लेखी कळवून तपासणी मागावी आणि जागा सोडण्याची तयारी ठेवावी. भरपाईचा विचार नंतर. त्याच सुमारास संस्थेने स्वतंत्र अभियंत्याकडून काँक्रीटचे नमुने काढून परीक्षण करून घ्यावे. अहवाल जोडून प्रवर्तकाला पोच घेऊन नोटीस द्यावी. ही नोटीस अहवालाची वाट पाहत पाच वर्षांच्या पलीकडे जाऊ देऊ नये. दोष दिसताच पहिले पत्र जावे, अहवाल मागाहून जोडता येतो. परीक्षणापूर्वी स्वतः दुरुस्ती करू नये, अन्यथा पुरावा गिलाव्याखाली जातो. जिवाच्या भीतीने टेकू द्यावे लागल्यास आधी छायाचित्रे घ्यावीत. तीस दिवसांत दाद न मिळाल्यास प्राधिकरण वा आयोग यांपैकी एकाची निवड करावी. प्राधिकरणाने मंजूर केलेली रक्कम कलम ४० नुसार जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. परंतु ती वसुली महसूल यंत्रणेमार्फत होत असल्याने आदेश हाती येणे आणि पैसे हाती येणे यांत पुष्कळ काळ जाऊ शकतो.

६. समारोप

थोडक्यात सांगावयाचे तर, सदोष घराविषयीचा आपला कायदा अपुरा असण्यापेक्षा विखुरलेला अधिक आहे. पाच वर्षांची मुदत फ्रेंच संहितेच्या निम्मी आहे आणि काँक्रीटमधील गंज वा क्लोराइडसारखे दोष वर्षानुवर्षे दडून राहू शकतात. सक्तीच्या विम्याचा अभाव असल्याने प्रवर्तक दिवाळखोर निघाल्यास हक्क कागदावरच राहतो. या दोन्ही बाबतींत सुधारणा होणे अगत्याचे आहे.

तोवर सदनिकाधारकाचा मुख्य आधार लिखित शब्द हाच आहे. करारनामे बहुधा इंग्रजीत असतात, महानगरपालिकेचे कागद कन्नडमध्ये, आणि घरातील काळजीचे बोलणे मराठीत वा आणखी कोणत्या भाषेत चालते. या तीन भाषांमध्ये तक्रार हरवू न देणे हे कायद्याच्या दृष्टीने अनुवादाचेच काम आहे. 'भिंत जरा फुगलीय' हे वाक्य तारखेसह, पोचेसह आणि अभियंत्याच्या परिभाषेत योग्य दाराशी पोहोचले, तरच कायदा त्याला 'दोष' म्हणतो. भिंत पडल्यावर ते वाक्य सिद्ध करावे लागत नाही. पण तेव्हा त्याचा लाभ घ्यायला घरातले सगळे उरतीलच, असे नाही.