ईसीएमवरचा आळ

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराबद्दल लिहायचे म्हणजे लेथ, फाउंड्री आणि तिथले जुने नामांकित कारागीर म्हादबा मेस्त्री यांचे नाव आलेच. संपादकांनी मला तिथे पाठवले ते एका बिनआवाजाच्या कामासाठी. मोटारीचा ईसीएम, म्हणजे इंजिन कंट्रोल मॉड्यूल, दुरुस्त कसा करतात आणि बदलतात कसा, ते पाहायला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा शहरात शिरली, शिरोलीपाशी महामार्ग बंद पडला. पाणी ओसरल्यावर बंद मोटारी ओढून गॅरेजांत आणल्या गेल्या. पुराच्या गाडीबद्दल एक निदान फार लवकर केले जाते: ईसीएम गेला. तो खरोखर गेला आहे का, हे तपासण्यात ज्याचा दिवस जातो अशा एका कारागिराशेजारी मी बसलो.

ईसीएमचा इतिहास थोडक्यात सांगून होतो. बॉशची डी-जेट्रॉनिक यंत्रणा १९६७ साली फोक्सवॅगन १६०० मध्ये आली आणि इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे ते ट्रान्झिस्टर ठरवू लागले. १९७९ च्या मोट्रॉनिकने इंधन आणि स्पार्क दोन्हींचा हिशोब एकाच संगणकाकडे सोपवला. आपल्याकडे १९८३ ची मारुती ८०० कार्बोरेटरवरच धावली. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे निकष कडक झाले, कार्बोरेटर मागे पडला आणि स्क्रूड्रायव्हरने इंजिन लावणाऱ्या मेस्त्रींच्या हातून एक विद्याच निसटली.

तिची जागा घेणारा हिशोब मात्र थक्क करणारा आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला २० मिलिसेकंद मिळतात. क्रँक एक अंश फिरायला सुमारे ५५ मायक्रोसेकंद. पुष्कळ गाड्यांत क्रँकबरोबर फिरणाऱ्या चाकावर ६० दातांची आखणी असते आणि त्यातले २ दात मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली की क्रँक कुठे आहे ते ईसीएमला कळते, आणि तिथून दात मोजत तो इंजेक्टर उघडण्याचा क्षण ठरवतो. रांजणगावच्या कारखान्यातही बनलेले १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या. त्याच्या इंधनाच्या रेलमध्ये १६०० बारपर्यंत दाब असतो, आणि एकाच ज्वलनासाठी पाच वेळांपर्यंत इंधन सोडता येते. हे सगळे तळहाताएवढ्या बोर्डावर, बॉनेटखालच्या उष्णतेत, वर्षानुवर्षे चालते.

हा कारागीर पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा. त्याच्या टेबलावर मल्टीमीटर, हॉट एअर गन, सोल्डरिंग आयर्न आणि भिंगाचा दिवा. ईसीएममधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर आहे, पण तो सर्वांत शेवटी हातात येतो. मला याचेच अप्रूप वाटले. "ईसीएम लई सोशिक असतोय," तो म्हणाला. "त्याला सप्लाय काय मिळतोय, ते आधी बघायचं."

समोरची डिझेल गाडी दुसऱ्या गॅरेजमधून आली होती. स्टार्टर फिरत होता, इंजिन सुरू होत नव्हते, स्कॅनर ईसीएमशी बोलत नव्हता. मालकाला नव्या ईसीएमचा खर्च सांगूनही झाला होता. या कारागिराने आधी बॅटरी पाहिली. मग फ्यूज आणि मेन रिले. नंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरे ईसीएमच्या अर्थच्या पिनवर ठेवून स्टार्टर मारायला सांगितला. इथे व्होल्टच्या दहाव्या भागापेक्षा फार जास्त दिसले, तर दोष गंजलेल्या अर्थच्या बोल्टात शोधायचा. तिथे सगळे ठीक निघाले.

मग त्याने सेन्सरांना जाणारे ५ व्होल्ट मोजले. एक व्होल्टही नव्हता. बाहेर एखाद्या सेन्सरची तार बॉडीला घासून शॉर्ट झाली, की हा सप्लाय खाली बसतो आणि कित्येक गाड्यांत ईसीएम पूर्ण मुका होतो. तो एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत गेला, डोळे मीटरवर. एक कनेक्टर सुटला आणि काटा ५ वर आला. तिथली तार ब्रॅकेटखाली सोलली होती. तार बदलून, स्लीव्ह चढवून त्याने चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. ईसीएमला हातही लागला नव्हता.

मला या क्रमाबद्दल मनापासून आदर वाटतो. स्कॅनरवर पी ०६०६ उमटले तर त्याचा अर्थ प्रोसेसरमध्ये दोष, यू ०१०० म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटला. हे कोड वाचून थेट नवा भाग मागवणे सोपे आहे, पण कमजोर बॅटरी किंवा खराब अर्थही असे कोड उठवू शकतात.

कधीकधी ईसीएम खरोखर मरतो. पुराचे पाणी हे त्याचे मोठे कारण. तापलेला डबा पाण्यात पटकन थंड झाला की आतली हवा आकसते आणि सीलमधल्या फटीतून ओल आत ओढली जाते. तारांच्या इन्सुलेशनमधूनही पाणी झिरपत कनेक्टरपर्यंत पोचते. काही गाड्यांत ईसीएम डॅशबोर्डखाली असतो, तिथे तर पाणी लवकरच पोचते. अशा वेळी चावी फिरवून पाहणे सर्वांत घातक, कारण ओल्या बोर्डात वीज गेली की पिना झपाट्याने गंजतात. डबा उघडून हिरवट थर साफ केला, तुटलेला ट्रॅक बारीक तारेने जोडला, तर काही बोर्ड जगतात. बाकीचे बदलावेच लागतात.

आणि बदलणे म्हणजे चार बोल्ट आणि दोन कनेक्टर, असे वाटत असेल तर खरा त्रास इथून पुढे आहे. जुना कशाने मेला, ते आधी शोधावे लागते. इग्निशन कॉइल किंवा इंजेक्टर शॉर्ट असेल, तर तोच नव्या बोर्डावरचे, त्याला चालवणारे ड्रायव्हर सर्किट जाळू शकतो. मग नंबर जुळवायचे: हार्डवेअरचा वेगळा, सॉफ्टवेअरचा वेगळा. बाहेरून हुबेहूब दिसणारा ईसीएम दुसऱ्या मॉडेलचा निघतो. भंगारातून आणलेला, सगळे नंबर जुळणारा भागही अडतो, कारण इमोबिलायझर. चावीतली चिप आणि ईसीएममधली नोंद जुळली नाही की इंजिन सुरू होत नाही, किंवा होऊन लगेच बंद पडते. ही नोंद बऱ्याच जुन्या बोर्डांवर आठ पायांच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असते. मेलेल्या बोर्डावरून ती चिप वाचून नव्यात उतरवायची, ही या कारागिराची खरी मिरास. डिझेल गाडी असेल तर अनेकदा प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोडही भरावा लागतो. तो चुकला तर इंजिन ठोकते, धूर सोडते. प्रोग्रामिंग चालू असताना व्होल्टेज मध्येच पडले, तर नवा कोरा ईसीएम टेबलावरच मरू शकतो. म्हणून बॅटरीला स्थिर सप्लाय जोडल्याशिवाय हा कारागीर बटण दाबत नाही.

नव्या गाड्यांत यातले बरेच काही कंपनीच्या सर्व्हरवर गेले आहे. कंपनीचा लॉगिन नसेल तर कोरा ईसीएम बाहेरच्या गॅरेजात जिवंतच होत नाही. कंपन्या चोरीचे आणि प्रदूषण-नियंत्रणात होणाऱ्या छेडछाडीचे कारण देतात. दोन्ही भीती खऱ्या आहेत, इमोबिलायझरने चोरी अवघड केली आहेच. पण मालकीची कागदपत्रे दाखवणाऱ्या माणसाला आणि त्याने निवडलेल्या कारागिराला रीतसर वाट मिळू नये, हे मला पटत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांपासून रोखल्याबद्दलच. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२ च्या अखेरीस केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चे पोर्टलही सुरू केले. उद्यमनगरातल्या त्या टेबलापाशी मात्र अजूनही गाड्या येतात आणि लॉगिनअभावी परत जातात. हा लॉगिन नोंदणीकृत स्वतंत्र कारागिरांना वाजवी फी घेऊन मिळायला हवा, आणि तो मिळवून देणे सरकारचे काम आहे.

तुमच्या गाडीचा ईसीएम गेला असे कुणी सांगितले, तर बॅटरी, अर्थ आणि ५ व्होल्टचे आकडे लिहून मागा. बदलावाच लागला, तर जुना ईसीएम गॅरेजात सोडू नका. तुमच्या गाडीची ओळख त्यातच असते.