उन्हाळी वाळवण : अहिल्यानगर जिल्ह्यातील एक घरगुती विद्या आणि तिच्या आठवणी

प्रस्तावना

उन्हाळ्याची सुट्टी म्हटली की मराठी माणसाच्या मनात आजोळ, गच्ची, आंब्याची अढी आणि वाळत घातलेल्या कुरडया-पापडांची चित्रे एकामागून एक उभी राहतात. ललित लेखनात या चित्रांची रेलचेल आहे. परंतु ज्या गच्चीवर मुलांनी चीक खाल्ला, लाट्या पळवल्या आणि कावळे हाकलले, त्याच गच्चीवर घरातील स्त्रिया पहाटे चारपासून राबत होत्या, ही बाब त्या चित्रांत सहसा कडेलाच राहते. वाळवणाच्या आठवणी बहुधा खाणाऱ्यांनी लिहिल्या. करणाऱ्यांची आठवण लिहिली गेली नाही, ती हातात राहिली. अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ मध्ये या जिल्ह्याचे नामांतर अहिल्यानगर असे झाले) वाळवणाच्या प्रथेकडे या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. वाळवण हा केवळ पदार्थांचा समूह नसून हवामान, धान्य आणि श्रम यांचा मेळ घालणारी ती एक विद्या आहे आणि ती एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाण्याचा काळ म्हणजे उन्हाळा होय, असे येथे मांडावयाचे आहे.

प्रदेश आणि ऊन

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याची प्रकृती एकसारखी नाही. पश्चिमेस अकोले तालुक्यात कळसूबाईच्या (१६४६ मीटर) परिसरात पाऊस धो धो कोसळतो, तर पूर्व व दक्षिणेकडील पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. चैत्र-वैशाखात या पठारी भागातील दुपार कोरडी आणि तापलेली असते. हेच कोरडेपण शेतीला जाचक असले तरी वाळवणाला वरदान ठरते. दमट हवेत पदार्थ वरून सुकतो, आत ओला राहतो आणि त्याला बुरशी धरते. कोरड्या उन्हात मात्र दोन ते तीन दिवसांत कुरडई खणखणीत वाळते आणि वर्षभर डब्यात टिकते.

धान्याप्रमाणे वाळवणही बदलते. अकोल्याच्या डोंगराळ पट्ट्यात नागलीचे पापड होतात. दक्षिणेकडील जिरायती गावांत ज्वारीच्या पापड्यांना मान असतो. गव्हाची कुरडई आज सर्वत्र दिसत असली, तरी जिरायती घरांत गहू हे दीर्घकाळ सणावाराचे धान्य होते. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखालील गावांचे चित्र पालटले. पाथर्डी-जामखेडकडे तसे पाणी आले नाही. १९७२ च्या दुष्काळात तर परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीवर गावेच्या गावे जगली. त्या पिढीतील स्त्री कुरडईकडे पाहते तेव्हा तिला त्यात गव्हाचा सुकाळ दिसतो, हे आपण विसरता कामा नये.

कुरडईची प्रक्रिया

वाळवणातील सर्वांत कठीण पदार्थ कुरडई, याविषयी बहुतेक सुगरणींचे एकमत असते. निवडलेला गहू तीन दिवस पाण्यात भिजत घालतात आणि पाणी रोज बदलतात. या काळात दाणा फुगतो, सौम्य आंबण्याची क्रिया सुरू होते आणि दाण्यातील पिष्टमय भाग व चिवट प्रथिनांचे जाळे एकमेकांपासून सैल होतात. पाणी बदलण्याचा आळस केला तर आंबण्याची क्रिया हाताबाहेर जाते आणि चिकाला उग्र वास येतो. चौथ्या दिवशी गहू वाटून, पाण्यात कालवून, फडक्यातून गाळतात. गाळलेले पांढरे पाणी रात्रभर ठेवले की पिष्ट तळाशी बसते. वरचे पिवळसर पाणी अलगद ओतून टाकले की उरतो तो चीक.

यानंतरची पायरी परीक्षेची. चिकाच्या मापाइतके पाणी मोठ्या पातेल्यात मीठ घालून उकळतात आणि एकीने चीक ओतायचा, दुसरीने लाकडी दांड्याने घाटायचा, असे दोघींचे काम सुरू होते. पिष्टाचे कण साधारण साठ-पासष्ट अंश सेल्सिअस तापमानापासून पाणी शोषून फुगू लागतात, फुटतात आणि दाट, पारदर्शक लापशी तयार होते. चीक पांढरा दिसतो तोवर तो कच्चा. काचेसारखा झाला की शिजला. कच्चा राहिलेला चीक सोऱ्यातून पडतो खरा, वाळतोही, परंतु त्याची कुरडई हाताळताना तुटते आणि तेलात फुलत नाही. नीट शिजलेल्या व वाळलेल्या कुरडईत मात्र किंचित ओलावा अडकून राहिलेला असतो; कढत तेलात त्याची क्षणार्धात वाफ होते आणि ती पिष्टाचे जाळे फुगवते. कुरडई तेलात टाकताच ताटाएवढी होते, त्यामागे एवढे साधे कारण आहे. साधे, पण ते साधण्यासाठी चार दिवस लागतात.

सोऱ्या गरम चिकानेच भरावा लागतो, कारण चीक निवला की आवळतो आणि दाबला जात नाही. म्हणून हे काम पहाटे, ऊन चढण्यापूर्वी आणि घाईने उरकावे लागते. हाताला चटके बसतात. पुस्तकांतील कृतीत हे चटके येत नाहीत.

गाळून उरलेला चोथाही वाया जात नाही. त्यात तिखट, मीठ, लसूण, जिरे मिसळून भुसवड्या घालतात. दाण्यातील चिवट प्रथिने आणि कोंडा याच चोथ्यात राहिलेला असतो, हे लक्षात घेतले तर गरिबीतून आलेली ही काटकसर पोषणाच्या दृष्टीनेही डोळस होती असे म्हणता येईल.

पापड, शेवया आणि सावड

उडदाच्या पापडाचे पीठ पापडखार घालून घट्ट भिजवतात आणि तेलाच्या हाताने उखळात कुटतात. शेवयांसाठी कडक जातीचा गहू लागतो. पूर्वी पाटावरच्या शेवया हाताने वळून काठीवर वाळत घालत. पुढे बाजेला आवळून बसवायचे हाताचे यंत्र आले आणि ते गल्लीत एकाच घरी असले तरी साऱ्या गल्लीचे झाले.

ही कामे एकटीच्या आवाक्यातील नव्हतीच. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या, असा क्रम लागे आणि प्रत्येकीने आपले पोळपाट-लाटणे बरोबर आणायचे असा संकेत असे. शेतीत इर्जिक किंवा सावड म्हणून जी परस्परसाहाय्याची रीत अभ्यासकांनी नोंदवली आहे, तिचेच हे स्त्रियांच्या अंगणातील रूप होय. शेतातल्या सावडीवर लिहिले गेले, अंगणातल्या सावडीवर फारसे नाही. या बैठकीत मोबदला म्हणून काही मिळत असेल तर चहा, ओल्या लाट्या आणि बोलणे. नव्या सुनेची परीक्षा येथेच होई आणि तिला पहिली मैत्रीणही बहुधा येथेच मिळे.

सण, रुखवत आणि शोक

गुढीपाडव्यानंतर वाळवणाला जोर चढतो. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली मातीची घागर पूजली जाते आणि नैवेद्याच्या पानावर आमरसाबरोबर नव्या कुरडया-पापड येतात. वर्षाचे नवे वाळवण आधी गेलेल्यांना, मग असलेल्यांना. लग्नसराईत हेच वाळवण रुखवतात मांडले जाते. हिरव्या-गुलाबी रंगाच्या कुरडया, नक्षीचे पापड, सांडग्यांचे मनोरे, मण्यांची तोरणे आणि विणलेले रुमाल एका पंक्तीत बसतात. पाककौशल्य आणि हस्तकला यांतील सीमारेषा रुखवतात पुसली जाते, म्हणून लोककलेच्या अभ्यासकाने रुखवताकडे अधिक गंभीरपणे पाहावयास हवे.

याची दुसरी बाजूही आहे. कित्येक कुटुंबांत घरातील माणूस गेल्यानंतर वर्ष सरेपर्यंत वाळवण घालत नाहीत. त्या वर्षी शेजारणी आणि माहेरची माणसे आपल्यातले डबे भरून पाठवतात. घरात स्वतःचे वाळवण नसणे ही शोकाची खूण आणि दुसऱ्यांचे वाळवण असणे ही आधाराची.

गोधडी

उन्हाळ्यातील दुसरे मोठे काम गोधडीचे. कडक उन्हात जुनी लुगडी, धोतरे धुऊन लवकर वाळतात, म्हणून त्यांच्या घड्या अंगणात अंथरून धावदोऱ्याने गोधडी भरण्यास हाच काळ सोयीचा. गोधडीत कोणत्या लुगड्याचा कोणता तुकडा आहे हे सांगताना म्हातारी बाई अख्ख्या घराण्याचा इतिहास सांगून जाते. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. येथे एवढीच नोंद पुरे की वाळवण वर्षभरात संपते, गोधडी उरते, आणि त्यामुळे कौटुंबिक स्मृतीचा लेखी नसलेला पुरावा म्हणून गोधडी अधिक टिकाऊ आहे.

सुट्टी कोणाची?

वर उल्लेखिलेल्या साऱ्या कामांना मुलांनी सुट्टी म्हटले. माहेरपणासाठी आलेल्या लेकीलाही काही अंशी ती सुट्टी होती; त्या घरच्या सुनेला नव्हती. लेक आली म्हणजे चार माणसांचा स्वयंपाक दहा माणसांवर जाई आणि वाळवण त्यावर वेगळे. हे म्हणताना त्या स्त्रियांना या कामात आनंद नव्हता, असे सुचवावयाचे नाही. आनंद होता, पण तो थकव्याला चिकटून होता आणि आपल्या आठवणींनी त्यातील थकवा तेवढा गाळून टाकला.

जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या प्रदेशात जातात आणि हंगाम संपल्यावर पाडव्याच्या आगेमागे परततात. अशा घरांना उन्हाळा म्हणजे सुट्टी नव्हे, परतणे. कोपीत सहा महिने काढलेल्या स्त्रीला स्वतःच्या अंगणात चार किलो गव्हाच्या कुरडया घालता येणे हीच स्थैर्याची खूण असते. मध्यमवर्गीय आठवणींच्या लेखनात या अंगणाची नोंद क्वचितच सापडते.

घरगुती तपशील इतिहासाचे साधन होऊ शकतो, याचे मोठे उदाहरण याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. लक्ष्मीबाई टिळक यांच्या आयुष्याचे महत्त्वाचे पर्व अहमदनगर आणि राहुरी येथे गेले. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये सोवळे, चूल, उपास, पाहुणे यांच्या तपशिलांतूनच धर्मांतराच्या काळातील एका संसाराची उलथापालथ उलगडते. स्वयंपाकघरातून दिसणारे जग लहान नसते, हे त्यांच्या पुस्तकाने दाखवून दिले. त्या वाटेने फार थोडे लेखन पुढे गेले.

बाजार आणि बदलते आभाळ

घरच्या पापडाला वेतनाचे रूप देणारा टप्पा म्हणजे १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्याच्या नेमक्या प्रमाणांमुळे ते घरोघर पोहोचले. एकाने श्रमाला दाम दिला, दुसऱ्याने हाताच्या अंदाजाला माप दिले. २०११ पासून ‘उमेद’ अभियानाच्या माध्यमातून गावोगावी उभ्या राहिलेल्या बचत गटांच्या विक्रीतही कुरडई, शेवया, पापड यांना ठळक स्थान आहे. विकत आणले म्हणजे संस्कृती बुडाली, हा सूर प्रस्तुत लेखिकेला मान्य नाही. ज्या श्रमाची किंमत घरात कधी झाली नाही, ती बाजारात निदान काही होते. मात्र पाकिटातून पदार्थ येतो, शिकवणे येत नाही. मोठ्या जाऊबाईच्या हाताखाली घाटा घाटताना जे कळते, त्याची सोय अद्याप कोठेही झालेली नाही.

आभाळाचाही आता भरवसा राहिलेला नाही. चैत्र-वैशाखातील वळीव नवा नाही. गच्चीवर धावत जाऊन साड्यांसकट कुरडया गोळा करण्याची आठवण सर्वांनाच असते. परंतु २०२५ च्या मे महिन्यात राज्यभर झालेल्या पावसाने सलग कोरडे दिवस मिळणेच दुरापास्त केले आणि त्या वर्षी २६ मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. भिजलेला चीक वाळवणाऱ्या स्त्रीला हवामानातील बदल समजावून सांगावा लागत नाही.

एका वहीविषयी

प्रस्तुत लेखिकेच्या घरी कुरडयांचा अंदाज आजीच्या हाती होता. तिने तो कधी कोणाला सांगितला नाही. कोणी विचारलाही नाही, कारण ती होती. ती गेल्यानंतरचे एक वर्ष रीतीप्रमाणे वाळवण झाले नाही. पुढच्या वर्षी आईने आठवणीने गहू भिजवला, पाणी बदलले, चीक काढला. कुरडया वाळल्या, परंतु डब्यात भरताना तुटल्या आणि तेलात बसक्या राहिल्या. आईने जामखेडच्या आत्याला फोन केला. आत्याने प्रमाण विचारले नाही. “वहिनी, घाटताना रंग कसा होता?” एवढेच विचारले. आई म्हणाली, पांढरट. “मग कच्चाच की. ओलं बोट लावून पाहायचं. चिकटलं नाही म्हणजे उतरवायचं. आई तसंच करायची, तुम्ही पाहिलं नाही का?” आईने पाहिले होते, बोट चिकाला लागते ते चव घेण्यासाठी, असा तिचा समज होता.

त्या रात्री आईने जुन्या वहीत सारी कृती लिहून काढली. भिजवण्याचे दिवस, पाणी बदलण्याची वेळ, ओल्या बोटाची खूण, सर्व काही त्यात आहे. चिकाच्या मापापुढे मात्र ‘पातेलेभर’ एवढेच लिहिले आहे. ते पातेले आजीचे होते, आणि वाटणीत ते धाकट्या काकांकडे गेले.