पहिल्या पानावरचे नाव

मराठी छपाईच्या आरंभापासून साधारण १८६७ पर्यंत निघालेल्या पुस्तकांना ग्रंथपाल ‘दोलामुद्रिते’ म्हणतात. दोला म्हणजे पाळणा. छपाई पाळण्यात असतानाची ही पुस्तके. १८६७ साली छापखाने आणि पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा आला आणि छापलेल्या पुस्तकाची प्रत सरकारजमा होऊ लागली. त्याआधीची पुस्तके मात्र ज्याने जपली त्याच्यामुळेच उरली.

कोल्हापूर परिसराला या पाळण्याचा शेजार आहे. जवळच्याच मिरजेत १८०५ मध्ये गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. त्याच वर्षी बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण निघाले. मिरजेची ती गीता हाती लागणे हे आज कोणत्याही संग्राहकाचे भाग्यच.

परंतु दुर्मीळपणा केवळ वयाने येत नाही. एकाच छपाईच्या शंभर प्रती सारख्या असतात, तोवरच, जोवर त्या कोणाच्या हाती पडत नाहीत. पुढे एकीवर सही होते, दुसरीवर वाचनालयाचा शिक्का उमटतो, तिसरीच्या समासात कोणी वाद घालतो. हस्तलिखित पोथीत हे काम शेवटच्या पानावरची पुष्पिका करते: लिहिणाऱ्याचे नाव, शक, गाव, आणि पोथी तेलापाण्यापासून व निष्काळजी हातांपासून जपण्याची विनवणी.

पुस्तक कोणाकोणाच्या हातून गेले हे कळले की कधी हरवलेला ग्रंथही सापडतो. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य गोव्यात १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. सतराव्या शतकातल्या त्याच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही; ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांत. त्यांपैकी देवनागरी लिपीतली एक प्रत इंग्रज विद्वान विल्यम मार्सडेनच्या संग्रहात होती. त्याने १८३५ साली आपला संग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला. पुढे तो स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीजकडे गेला. जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२० च्या दशकात ही प्रत अभ्यासकांपुढे आणली.

पुस्तकांवरील मालकीची सर्वांत हृद्य कहाणी मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. न्यूयॉर्कमध्ये शिकताना पोटाला चिमटा काढून त्यांनी पुस्तके जमवली. १९१७ च्या उन्हाळ्यात ते लंडनहून भारतात परतले, तेव्हा त्यांचे सामान दुसऱ्या बोटीत होते. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली. पुस्तके गेली; हाती आली ती विम्याची थोडी रक्कम. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्या १९१६ च्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ची, बाबासाहेबांनी जानेवारी १९१७ मध्ये लंडनला घेतलेली प्रत मात्र बुडालेल्यांत नव्हती. ती मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पोचली. तिच्यात ओळींखाली जागोजागी रेघा आहेत, आणि ड्युईंच्या विचारांचे पडसाद बाबासाहेबांच्या १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये उमटलेले दिसतात. रेघ मारणारा हात ठाऊक नसता, तर ती एक जुनी, खराब केलेली प्रत ठरली असती.

बाबासाहेब १९२० साली पुन्हा लंडनला गेले, त्यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मदतीचा वाटा होता.  पुढे दादरला बांधलेल्या राजगृह या त्यांच्या घरात पुस्तकांना मोठी जागा मिळाली.

मालकीची खूण पुसली जाते ती बहुधा चांगल्या हेतूने. बांधणीवाला कडा कापून पुस्तक नीट करतो, आणि त्याबरोबर समासातली टिपणे जातात. नवे वेष्टण चढवताना नाव असलेले कोरे पान फेकले जाते. पुस्तक विकताना जुने नाव खोडण्याची रीतही तितकीच घातक. रद्दीवाला वजन करतो ते कागदाचे. त्याच्या तराजूत त्या नावाला किंमत नाही.

कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून पुस्तके सांभाळत आले आहे. जवळच्या गडमुडशिंगीसारख्या गावातल्या एखाद्या घराच्या माळ्यावर पोथ्यांचे रुमाल किंवा आजोबांच्या सहीची पुस्तके असतील, तर ती विकण्याआधी किंवा जाळण्याआधी पहिले आणि शेवटचे पान वाचून पाहावे.