मद्यगृहांचे घड्याळ आणि शहराची रात्र

दारूचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा बहुधा दोन टोकांना जाते. एक पक्ष संपूर्ण बंदी मागतो, दुसरा व्यक्तिस्वातंत्र्याचा दाखला देतो. या दोहोंच्या मधला एक मार्ग जगातील काही शहरांनी चोखाळून पाहिला आहे. तो म्हणजे मद्यगृहे चालू ठेवायची, पण ती बंद होण्याची वेळ अलीकडे आणायची. वरवर पाहता हा तासा-दोन तासांचा फरक. परंतु त्याने शहराची सारी रात्र पालटते. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराने हा प्रयोग शंभर वर्षांत दोनदा केला आणि दोन्ही वेळा मागे घेतला. म्हणून त्याचा अभ्यास उद्‌बोधक ठरतो.

पहिला प्रयोग महायुद्धाच्या काळातला. फेब्रुवारी १९१६ मध्ये लिव्हरपूल येथील लष्करी छावणीतले सैनिक दारू पिऊन सिडनीत शिरले व त्यांनी दंगल केली. त्याच वर्षी न्यू साउथ वेल्स राज्यात सार्वमत झाले आणि मद्यगृहे सायंकाळी ६ वाजता बंद करावीत असे ठरले. हेतू चांगला होता. माणसे वेळेवर घरी जावीत. प्रत्यक्षात घडले ते असे, की ५ वाजता कामावरून सुटलेला माणूस तडक मद्यगृह गाठी आणि मिळालेल्या तासाभरात जितकी पोटात मावेल तितकी ढोसून घेई. ६ वाजता ही सगळी गर्दी एकदमच रस्त्यावर येई. ही तऱ्हा जवळजवळ चार दशके चालली. अखेर १९५४ मध्ये पुन्हा सार्वमत झाले व १ फेब्रुवारी १९५५ पासून वेळ रात्री १० पर्यंत वाढली. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत सांगायचे, तर विक्रीचा वेळ आवळला तरी मागणी नाहीशी होत नाही. ती उरलेल्या वेळात एकवटते.

दुसरा प्रयोग अलीकडचा. सिडनीतील किंग्ज क्रॉस हा भाग रात्रीच्या करमणुकीसाठी प्रसिद्ध होता. तेथे २०१२ च्या जुलैत आणि २०१३ च्या अखेरच्या रात्री, केवळ अठरा वर्षांच्या दोन तरुणांवर कारण नसताना हल्ले झाले; दोघेही मरण पावले. लोकक्षोभ उसळला. २४ फेब्रुवारी २०१४ पासून किंग्ज क्रॉस व शहराच्या मध्यभागी नवे नियम लागू झाले. रात्री १.३० नंतर नव्या गिऱ्हाइकाला आत प्रवेश नाही आणि ३ नंतर दारूची विक्री नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे दोन्ही हल्ले रात्री ९ ते १० च्या सुमारास झाले होते. म्हणजे ज्या घटनांमुळे कायदा झाला, त्या त्याच कायद्याने टळल्या नसत्या.

तरीही कायदा निष्फळ ठरला असे म्हणता येत नाही. राज्याच्या गुन्हेविषयक आकडेवारी कार्यालयाने २०१५ मध्ये केलेल्या पाहणीत किंग्ज क्रॉसमधील मारहाणीचे गुन्हे ३२ टक्क्यांनी व मध्यवर्ती भागातील २६ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. त्याआधी, २००८ साली, त्याच राज्यातील न्यूकॅसल शहरात पहाटे ५ पर्यंत चालणाऱ्या मद्यगृहांची वेळ अलीकडे आणली होती. तेथे घट ३७ टक्क्यांची होती. एवढी डोकी फुटायची वाचली, ही किरकोळ गोष्ट नव्हे.

परंतु जमाखर्चाची दुसरी बाजूही मांडलीच पाहिजे. २०१७ च्या पाहणीत असे दिसले, की किंग्ज क्रॉसमध्ये मारहाण ४९ टक्क्यांनी घटली; मात्र नियमाच्या हद्दीला लागून असलेल्या भागांत ती १२ टक्क्यांनी आणि न्यूटाऊनसारख्या थोड्या दूरच्या पण सहज जाता येण्याजोग्या भागांत १७ टक्क्यांनी वाढली. गर्दीतला काही भाग नुसता जागा बदलून बसला. शहरातला मोठा कॅसिनो तर नियमाच्या हद्दीबाहेरच ठेवला होता. ज्याच्यापाशी भांडवल मोठे त्याला सूट आणि कोपऱ्यावरच्या लहान मद्यगृहाला कुलूप, अशी टीका झाली ती यामुळेच.

मद्यगृह मिटले म्हणजे केवळ मालकाचे नुकसान होते असे नाही. तेथे गाणारा-वाजवणारा, पेले धुणारा, दारावरचा रखवालदार, बाहेर खाद्यपदार्थ विकणारा, टॅक्सीवाला, या सर्वांचा संसार त्याच गिऱ्हाइकावर चालतो. शिवाय रस्त्यावरची वर्दळ हीदेखील एक प्रकारची राखण असते. दिवे लागलेली दुकाने आणि चार माणसे असली की एकट्याने चालणाऱ्याला धीर वाटतो. किंग्ज क्रॉसमधील अनेक नावाजलेली ठिकाणे मिटली. २०१६ मध्ये कायद्याविरुद्ध मोर्चे निघाले. अखेर मध्यवर्ती भागातून १४ जानेवारी २०२० रोजी व किंग्ज क्रॉसमधून मार्च २०२१ मध्ये प्रवेशबंदी उठली.

योगायोग असा, की त्याच जानेवारी २०२० मध्ये मुंबईत काही बिगरनिवासी भागांतील मॉल व उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्यास परवानगी मिळाली. मात्र दारूविक्रीची १.३० ची मर्यादा तशीच ठेवली गेली. रात्रीचे शहर आणि रात्रीची दारू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या निर्णयात मान्य केलेले दिसते. सिडनीच्या दुसऱ्या प्रयोगात नेमका हाच भेद पुरेसा झाला नव्हता.

सारांश, वेळ अलीकडे आणल्याने मारहाण कमी होते हे खरे. पण सगळी मद्यगृहे एकाच ठोक्याला मिटली, घरी जायला गाडी नसली आणि शेजारचा भाग मोकळा राहिला, तर लाभातला बराचसा भाग हातून जातो. मिटण्याच्या वेळा थोड्या मागेपुढे ठेवणे, त्या वेळी बस सोडणे, चहा-फराळाची दुकाने चालू राहू देणे, ही कामे कायद्याच्या कलमाइतकीच महत्त्वाची आहेत. मेलेले ते दोघे आमच्याच वयाचे होते. त्यांच्यासारख्यांना वाचवायचे, तर सरकारने घड्याळाचे काटे मागे फिरवण्याबरोबरच रात्री ९ वाजताच्या रस्त्याकडेही पाहिले पाहिजे.